अडीच कोयत्यांची भाषा

“आमचे अडीच कोयते हायेत. गाडीवर न्हाई, डोकी सेंटरला. दोन खाडे झाले, उचल फिटायची ऱ्हायली. आता पट्टा पडल्यावरच येतो.”

माघाच्या सुमाराला शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर किंवा वडवणीकडच्या एखाद्या गावात, मागं राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापाला येणारा फोन साधारण या वळणाचा असतो. बाहेरच्या माणसाला यातले बरेच शब्द ओळखीचे वाटतात, पण वाक्य एकही लागत नाही. कोयता हे हत्यार, ते अडीच कसं? खाडा कशाचा? पट्टा कुठला आणि तो पडतो कसा? घरच्यांना मात्र एवढ्यात सगळं समजतं. कामाला माणसं किती, ओझं कशावरून वाहतायत, मधे कुणीतरी आजारी पडलं, देणं अजून बाकी आहे आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की लेक घरी येणार, हे सगळं.

कंपन्यांतल्या आणि सरकारी कचेऱ्यांतल्या परिभाषेला कंटाळलेली माणसं मला नेहमी भेटतात. तो कंटाळा माझाही आहे. पण परिभाषा म्हटली की ती वाईटच, हे मला मान्य नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांची कामाची बोली ही मराठीतल्या उत्तम परिभाषांपैकी एक आहे आणि एखाद्या कवितेसारखी ती शब्दाशब्दावर थांबून वाचण्याजोगी आहे. तिच्यात दोषही आहेत. ते तिच्या गुणांना इतके चिकटून आहेत की एक बाजूला ठेवून दुसरं वाचता येत नाही.

सुरुवात कोयत्यापासूनच केली पाहिजे. फडात, म्हणजे उसाची तोड चालते त्या शेतात, कोयता म्हणजे जोडी. बहुतेक वेळा नवरा-बायको. एकानं ऊस जमिनीलगत तोडायचा, शेंडा छाटायचा. दुसऱ्यानं पाचट काढायचं, तोडलेला ऊस गोळा करायचा, मोळी बांधायची. मग दोघांनी मिळून मोळ्या वाहायच्या आणि गाडी भरायची. ही कामं अशी एकात एक अडकलेली आहेत की एकट्यानं केली तर गाडीची वेळ साधत नाही. म्हणून इथं कामाचं माप माणूस हे धरताच येत नाही, जोडी धरावी लागते, आणि जोडीला तिच्या हत्याराचं नाव मिळालं. अर्धा कोयता म्हणजे जोडीदार नसलेलं माणूस: एखादी विधवा, लग्न न झालेला पोरगा, बायको बाळंतपणाला मागं राहिली तो गडी. अडीच कोयते म्हणजे दोन जोड्या आणि एक एकटा जीव. पाच माणसं. नुसतं ‘पाच माणसं’ म्हटलं असतं तर फडात किती काम उरकेल ते कळलं नसतं. ‘अडीच कोयते’ म्हटलं की दिवसाला किती टन निघतील याचा अंदाजच बांधता येतो. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो, असं टोळीचा मुकादम धरून चालतो.

एका शब्दात श्रमाची रीत, माणसांचं नातं आणि उत्पादनाचं माप अशा तीन गोष्टी बसवणं सोपं नाही. मी या शब्दाचं कौतुक करतो ते त्यासाठी. आणि याच शब्दानं केलेला अन्यायही याच बांधणीत आहे. जोडी मोजली की जोडीतली बाई वेगळी मोजायची राहते. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, कोयत्याच्या नावावर, हिशोब कोयत्याच्या नावावर, आणि पैसे हातात येतात ते पुरुषाच्या. पोरगा अर्धा कोयता राहण्यापेक्षा पुरा व्हावा, उचल जास्त मिळावी, म्हणून लग्नं लवकर लागतात. या जिल्ह्यातल्या बालविवाहांच्या कारणांत हे एक कारण कायम सांगितलं जातं. शब्द काटेकोर आहे म्हणून तो न्यायी असतोच असं नाही.

ओझं वाहण्याचे शब्द मला सर्वांत आवडतात. ‘गाडी सेंटर’, ‘टायर सेंटर’, ‘डोकी सेंटर’. सेंटर म्हणजे टोळीला नेमून दिलेलं कामाचं ठिकाण. तिथं बैलगाडीवाले कामगार असतील तर ते गाडी सेंटर, रबरी चाकांच्या गाड्या असतील तर टायर, आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भरायची असेल तर डोकी. तिन्ही नावं ओझं कशावर आहे एवढंच सांगतात: चाकावर, टायरवर, माणसाच्या डोक्यावर. बाई आपल्या भावाला ‘यंदा डोकी हाय’ म्हणाली की तिची मान, तिची कंबर आणि गाडीला लावलेल्या फळीवरची पहाटेची चढ-उतर त्याच्या डोळ्यांपुढं येते. कुठलाही शब्द सौम्य केलेला नाही.

मोळी जवळून पाहिली तर ही भाषा अशी का आहे ते उमगतं. मोळी बांधायला दोर नसतो. छाटलेल्या शेंड्यांतली हिरवी पात घ्यायची, तिला पीळ द्यायचा, उसाच्या जुडीखालून सरकवायची, गुडघा देऊन आवळायची आणि टोकं मुरगळून आत खोचायची. मोळी उचलली तरी सुटत नाही. या हिरव्या शेंड्यांना वाढं म्हणतात. वाढं बांधायलाही लागतं, जनावराला वैरण म्हणूनही लागतं, आणि उरलं तर त्याची भेळी बांधून विकून मीठ-मिरची सुटते. खालची वाळलेली पानं म्हणजे पाचट. ती अंगाला कापतात, विस्तवाला लागतात, कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, शाकारायला चालतात. एकाच झाडाची पानं, पण वरच्यांचं नाव वेगळं आणि खालच्यांचं वेगळं, कारण हातात घेतल्यावर ती वेगळी वागतात.

इथं मला आमच्या अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांची आठवण येणं अपरिहार्य आहे. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. चाळीस फूट लांबीच्या कापडावर ओव्या लिहिलेली त्यांची पासोडी पाहायला लोक येतात. पण भाषेच्या अभ्यासकाला त्यांच्या ‘गीतार्णवा’तला एक विचार त्याहून मोलाचा वाटावा. संस्कृतचा अभिमान धरून मराठीला हिणवणाऱ्यांना ते तिथं उत्तर देतात. संस्कृतात घट म्हटलं की संपलं. मराठीत मात्र रांजण वेगळा, डेरा वेगळा, सुगड वेगळं, आणि अशी भांड्यांची नावं ते एकापुढं एक मांडत जातात. प्रत्येकाचा आकार वेगळा, काम वेगळं. त्या एका मोठ्या शब्दानं यातलं नेमकं कुठलं भांडं हवं ते सांगता येईल का, असा त्यांचा रोख आहे.

हा प्राकृताचा कैवार म्हणून शिकवला जातो, आणि तो आहेच. मला त्यात परिभाषेची एक कसोटी दिसते. शब्द सांगून माणसाला वस्तू आणायला धाडता येतं का? ‘रांजण आण’ म्हटलं तर पोरगं रांजणच घेऊन येईल. ‘घट आण’ म्हटलं तर दारात उभं राहून विचारील, कुठला? ऊसतोडीची बोली या कसोटीला उतरते. ‘वाढं आण’ म्हटल्यावर पाचट येत नाही. ‘अर्धा कोयता पाठव’ म्हटल्यावर जोडी येत नाही.

आता हीच कसोटी फडाच्या बांधावरून कारखान्याच्या कार्यालयात न्यावी. तिथं तोडणी कामगार, गाड्या, ट्रॅक्टर, हार्वेस्टर या सगळ्यांना मिळून एक शब्द आहे: ‘तोडणी-वाहतूक यंत्रणा’. शेतकऱ्याचा ऊस तुरा येऊन उभा आहे, तो हेलपाटे घालतोय, आणि त्याला उत्तर मिळतं, “यंत्रणा कमी आहे, उपलब्ध झाली की पाठवतो.” काय पाठवणार? टोळी येणार असेल तर कोप्या टाकायला जागा आणि पाणी पाहावं लागेल. ट्रॅक्टर येणार असेल तर बांध फोडून वाट करावी लागेल. हार्वेस्टर येणार असेल तर सरी चार-पाच फुटी हवी. तीन फुटी सरीत तो नीट चालत नाही, म्हणजे ते लागवडीच्याच वेळी ठरायला हवं होतं. ‘यंत्रणा’ या शब्दावर शेतकऱ्याला यातलं काहीही करता येत नाही. तो शब्द त्याला फक्त घरी पाठवतो. या शब्दाचा मला खरा राग आहे तो आणखी एका कारणासाठी. त्यात फळीवरून मोळी घेऊन चढणारी बाई आणि डिझेलवर चालणारं यंत्र एका रकान्यात बसतात, आणि पुढं शेतकऱ्याच्या बिलातून कापला जाणारा ‘तोडणी-वाहतूक खर्च’ म्हणून दोन्ही एकाच आकड्यात विरघळतात.

कारखान्याची सगळीच भाषा अशी नाही. गव्हाण हा शब्द घ्या. गोठ्यात जनावराला वैरण टाकायची ती गव्हाण. कारखान्यात ऊस गाळपाला आत घेणाऱ्या वाहकाला तेच नाव आहे, आणि हंगामाची सुरुवात गव्हाणीत मोळी टाकून होते. कारखाना खातो, हे ज्यानं पहिल्यांदा पाहिलं तो शेतकरी असला पाहिजे. उतारा, काटा, खोडवा हे शब्दही असेच घट्ट आहेत. ‘काटा मारला’ म्हटलं की वजनातली फसवणूक सांगायला दुसरं वाक्य लागत नाही. उलट निमंत्रणपत्रिकेवर छापतात ते ‘बॉयलर अग्निप्रदीपन’. अर्थ एवढाच की बॉयलर पेटवणार. कामगार आणि वर्तमानपत्रं म्हणतात ‘धुराडी पेटली’. त्यात लांबून दिसणारा धूर आहे आणि तो पाहून गावोगावच्या मुकादमांची सुरू होणारी धावपळ आहे. ‘अग्निप्रदीपना’त फक्त व्यासपीठ आहे.

माझा भाचा हिंजवडीला एका संगणक कंपनीत आहे. सुट्टीला आला की फोनवर बोलत अंगणात फेऱ्या घालतो. एकदा तो म्हणत होता, या महिन्यात दोन रिसोर्स कमी पडतायत, बाकीच्यांची बँडविड्थ नाही. माझ्या आईनं त्याला विचारलं, “रिसोर्स म्हंजी मशीन का रं?” तो म्हणाला, “नाही आजी, पोरं.” तिनं पुन्हा विचारलं, “मग पोरं का म्हनत न्हाईत?” तो विचारात पडला. प्रश्न रास्त होता. ‘रिसोर्स’ला वय नाही, घर नाही, आजार नाही, तो कमी करता येतो, हलवता येतो, दुसऱ्याच्या नावावर टाकता येतो. ‘दोन पोरांना काढलं’ हे सांगताना जीभ अडखळते, ‘दोन रिसोर्स रिलीज केले’ म्हणताना अडखळत नाही. हेडकाउंट हा शब्दही तसाच. डोकी तिथंही मोजली जातात आणि फडातही. डोकी सेंटरमधल्या डोक्यावर काय आहे ते मात्र नावातच सांगून टाकलेलं आहे.

कंपनीतल्या परिभाषेची चीड येते ती इंग्रजीमुळे, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. फडाच्या बोलीत सेंटर आहे, टायर आहे, स्लिप आहे. शेतावर फिरणाऱ्या कारखान्याच्या कारकुनाला चिटबॉय म्हणतात आणि त्याला पन्नाशी लागली तरी तो चिटबॉयच असतो. हे शब्द कुणाला खुपत नाहीत, कारण चिटबॉय म्हटल्यावर एक ठरावीक माणूस मोटारसायकलवरून येतो आणि तोडीचा हुकूम हातात देतो. शासकीय मराठीत इंग्रजी शब्द नसूनही ती खुपते. ‘स्थलांतरित हंगामी असंघटित कामगार’ या चार शब्दांत कोणी कुठून कुठं जाऊन काय केलं, हे एकदाही येत नाही.

तरीही फडाची बोली निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही, आणि तिच्यावर प्रेम असलेल्या कुणीही म्हणू नये. तिच्यातला सर्वांत फसवा शब्द उचल. हंगामाआधी कोयत्यामागं पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त रक्कम मिळते. कारखान्याकडून वाहनमालकाकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे, मुकादमाकडून कामगाराच्या घरी, असा तिचा उतार. पाऊस न झालेल्या वर्षी दसरा-दिवाळी, दवाखाना, पोरीचं लग्न, मागची बाकी यातच ती जाते. कर्ज म्हटलं असतं तर व्याज विचारलं गेलं असतं, पगार म्हटलं असतं तर महिना आणि दर विचारला गेला असता. उचल म्हटल्यावर काहीच विचारायचं उरत नाही. माणसानं ठेवलेली वस्तू आपल्या हातानं उचलली, एवढाच भास. कागद झालाच तर त्यावर बऱ्याचदा ‘हातउसने’ लिहिलेलं असतं, आणि खाली राजीखुशीनं, कुठल्याही दबावाला बळी न पडता लिहून दिल्याचं नमूद असतं. आगाऊ पैशापोटी माणूस कामाला बांधला जाण्याला १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यानं बंदी घातली. उचल फिटली नाही म्हणून मजुरांना डांबून ठेवल्याच्या बातम्या मात्र या जिल्ह्यातून अजून येतात. उलट बाजूनं टोळी फुटते, उचल बुडते आणि वाहनमालक देशोधडीला लागतो, हेही घडतं. उचल या शब्दानं दोघांनाही काही सांगितलेलं नसतं. दासोपंतांच्या चरित्रात एक कथा सांगतात: वडिलांकडं सरकारी बाकी राहिली म्हणून त्या लहान मुलाला बीदरच्या दरबारात ओलीस ठेवलं होतं. बाकीपोटी माणूस अडकवण्याची रीत या मुलखाला नवी नाही. ओलीस हा शब्द निदान स्वच्छ होता.

खाडा हा त्याच्या अगदी उलट प्रकारचा शब्द. तो काही लपवत नाही. दूधवाल्याचा, पेपरवाल्याचा खाडा प्रत्येक घरातल्या दिनदर्शिकेवर लिहिलेला असतो, त्या दिवसाचे पैसे द्यायचे नाहीत एवढाच त्याचा अर्थ. फडात कामाचा खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड लागतो. पाचशे रुपयांपर्यंतचा दंड कामगारांनी वारंवार सांगितलेला आहे. आणि मोजमाप जोडीचं असल्यामुळं एकाचं अंग दुखलं की दोघांचा खाडा. कोयता आणि खाडा हे दोन काटेकोर शब्द शेजारी ठेवून वाचले की बाईच्या देहावर काय येतं ते स्पष्ट दिसतं. पाळीचे दिवस, अंगावरून जाणं, उघड्यावर अंघोळ, पहाटे तीनला उठून गाडी भरणं, आणि प्रत्येक दुखण्याची किंमत दोघांच्या मजुरीत. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. बायका त्याला ‘पिशवी काढली’ म्हणतात. धान्याची, बाजाराची, औषधाची असते तशी पिशवी. समितीच्या अहवालात शस्त्रक्रियेचं वैद्यकीय नाव असणं योग्यच आहे. पण ही गोष्ट समजून घ्यायची असेल तर खाडा, कोयता आणि पिशवी हे तीन शब्द त्यांच्याच तोंडून ऐकावे लागतात, त्यांच्या जागी ‘कामगार अनुपस्थिती’ आणि ‘आरोग्यविषयक समस्या’ घालून चालत नाही.

या बोलीला स्वतःचं बळही आहे. संपाची हाक दिली जाते ती ‘कोयता बंद’ या दोन शब्दांत. नकळत त्यात जोडीही येते: पुरुष थांबला आणि बाई कामावर राहिली असं होऊच शकत नाही. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनामागं २७३ रुपयांवरून दर ३६६ वर गेला. त्या वाटाघाटींच्या बातम्यांत लवाद होता, साखर संघ होता, टक्केवारी होती. गावात विचारणा झाली ती ‘कोयत्याला काय पडलं?’ अशीच. टक्क्यांचं टनात आणि टनाचं आपल्या दोघांच्या दिवसात रूपांतर करून मगच तो आकडा खरा मानायचा, ही सवय फार चांगली आहे. ताळेबंद वाचणाऱ्या पुष्कळांना ती नसते.

आता गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याणकारी महामंडळ आहे. गाळलेल्या उसाच्या टनामागं कारखान्यांनी १० रुपये द्यायचे आणि सरकारनं तेवढीच भर घालायची, अशी त्याची तरतूद. मुलांसाठी भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहं आहेत. आणि कामगारांची नोंद करून ओळखपत्रं देण्याचं काम ग्रामसेवकांकडं आलेलं आहे. मला यातलं ओळखपत्र महत्त्वाचं वाटतं, कारण त्यावर कोयता लिहिता येत नाही. त्याला नाव लागतं, वय लागतं, फोटो लागतो. जोडीतल्या बाईचा वेगळा.

मुकादमाच्या वहीत मात्र रकाना अजून कोयत्याचाच आहे, आणि खरा हिशोब त्या वहीतच होतो. तो शब्द तिथून काढावा असं मी म्हणणार नाही; काम समजून घेऊन घडवलेला इतका नेमका शब्द पुन्हा मिळायचा नाही. त्याच्याखाली दोन ओळी आखाव्यात. एकीवर त्याचं नाव, एकीवर तिचं, आणि पट्टा पडला की दोघांचे पैसे ज्याच्या त्याच्या ओळीसमोर मांडून, ज्याच्या त्याच्या हातात द्यावेत.